दुपटं पुढे गेलंय

आमची नात आता मोबाइलवर स्वतःच विमानातली खिडकीजवळची जागा निवडते. परवा मला म्हणाली, "आजी, आपण पहिल्यांदा गेलो तेव्हा तू कशी तयारी केली होतीस गं?"

कशी केली होती! बेटा, सगळं ऐकलंस तर माझ्याबरोबर टावर चौकापर्यंत रिक्षातसुद्धा बसणार नाहीस. मी तेव्हा नुकती साठी ओलांडली होती. साठी बुद्धी नाठी म्हणतात. पण नाठी व्हायला आधी ती असावी लागते, आणि माझी जी काही आली ती त्यानंतर.

मुलगा मस्कतला नोकरीला गेला तेव्हा ही पोर रांगतही नव्हती. त्यानंतर त्याला काही केल्या रजा मिळेना. सून इथल्या शाळेत शिकवत होती, त्यामुळे उज्जैनला फ्रीगंजच्या घरात आम्ही तिघीच, सासू, सून आणि नात. आमच्या ह्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोडक्यात, मला अडवणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

नातीच्या लेखी बाबा म्हणजे मोबाइल. ती त्याला पोळीचा घास भरवायची आणि मोबाइल चार्जिंगला लावला की ओठावर बोट ठेवून आम्हाला गप्प करायची. "श्शू, बाबा जेवतोय." ती इकडून भरभरून बोबडं काहीतरी सांगायची, आणि हा ऑफिसातल्या कागदांवरून डोळे न उचलता म्हणायचा, "हो बेटा, हो हो." दोघांचं छान चाललं होतं.

तिघींचे व्हिसा आले त्या दिवशी त्याचा फोन आला. सूनबाई शाळेत होती, म्हणून मीच उचलला. आधी इकडचं तिकडचं बोलला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "आई, एक विचारू? ती येईल ना गं माझ्याकडे? मला बघून रडली तर?"

"अरे, रक्ताची ओढ असते," मी ठसक्यात सांगितलं. "विमानतळावर धावत येऊन गळ्यात पडते की नाही बघ. माझा शब्द!"

फोन ठेवला आणि मला मामाची गोष्ट आठवली. सख्खा मामा देवासहून आला होता, तर ही पोर पलंगाखाली जाऊन बसली होती, तो परत जाईपर्यंत. आणि मी शब्द देऊन बसले गळ्यात पडण्याचा! दोन वर्षं वाट बघून बसलेल्या बापाला पाहून तिनं भोकाड पसरलं असतं, तर त्याच्या तोंडाकडे मला बघवलं नसतं. तेव्हा ठरवलं, सामानाची, कागदांची तयारी सूनबाई करेल. ओढीची तयारी माझ्याकडे.

माझं पहिलं पाऊल बाबाचा चेहरा खऱ्या मापात दाखवण्याचं. मोबाइलमध्ये तो काडेपेटीएवढा दिसतो, मग पोर ओळखणार कशी? टावर चौकाजवळच्या फ्लेक्सवाल्याकडे मुलाचा फोटो घेऊन गेले आणि म्हटलं, "भैया, पूरा आदमी चाहिए, सिर से पाँव तक."

त्यानं फोटो बघितला, मला बघितलं. "माताजी, भिया कौन से वार्ड से खड़े हो रहे हैं?"

"अरे खड़ा-वड़ा नहीं हो रहा, बाप है!"

"तो नीचे शुभकामनाएँ किसकी तरफ से डालूँ?"

शुभकामना नकोत हे पटवता पटवता माझा घसा बसला. तरी त्यानं सवयीनं चेहऱ्यामागे सूर्याची किरणं टाकलीच. घरी येऊन मी तो फ्लेक्स भिंतीला लावला आणि मोठ्या उत्साहानं म्हटलं, "बघ, बाबा!" नातीनं वर पाहिलं. एकेक दात पेढ्याएवढा. तिची किंकाळी शेजारच्या गल्लीत ऐकू गेली.

सूनबाई शाळेतून आली. पोरीला कडेवर घेऊन तिनं फ्लेक्स वरपासून खालपर्यंत बघितला. मग म्हणाली, "आई, हे कूलरवर झाकायला बरं आहे." झाकलं. उलट्या बाजूनं.

पासपोर्टच्या फोटोच्या वेळीही मी असंच केलं होतं. पोरीला न्हाऊमाखू घातलं, काजळ घातलं आणि गालावर ठसठशीत तीट लावली. एवढी परदेशात जाणार, नजर नको लागायला. फोटोवाला म्हणाला, "माताजी, ये टीका तो पासपोर्ट में छप जाएगा." मी म्हटलं, "मग बरंच की, कायमचा बंदोबस्त." सूनबाईनं रुमाल ओला करून माझ्या देखत बंदोबस्त पुसून टाकला.

एवढ्यावर मी थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पंचांग उघडलं. तिकिटं रविवारची होती. मस्कत पश्चिमेला, आणि रविवारी पश्चिमेला दिशाशूल, म्हणजे त्या दिवशी तिकडे निघणं अशुभ! मुलाला फोन लावला.

"आई, विमान आधी मुंबईला जातं, म्हणजे दक्षिणेला."

"मी मुंबईला नाही चालले."

"तिकिटं बदलता येणार नाहीत आता."

"तू नको बदलू. मी प्रस्थान ठेवते."

पलीकडे तो नुसता हसला. तुम्हीही हसाल, पण ही आमच्याकडची जुनी आणि सोयीची युक्ती आहे. जायचा दिवस वाईट असेल तर आधीच्या चांगल्या दिवशी आपली एक वस्तू, अक्षता, सुपारी, हळकुंड असं फडक्यात बांधून त्या दिशेच्या कुणाच्या घरी ठेवून यायचं. झालं, तुम्ही निघालात. शरीर मागाहून सवडीनं येतं. अट एकच. एकदा ठेवलेलं प्रस्थान माघारी घरी आणायचं नाही. जाता जाता उचलायचं आणि मुक्कामी पोचल्यावर गाठ सोडायची.

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, गावातच पुलापलीकडे देवास गेटजवळ राहायच्या. आमच्या घरापासून ती पश्चिमच. गुरुवार चांगला होता. माझी वस्तू म्हणून खण घेतला, सूनबाईचा रुमाल घेतला. नातीचं काय घ्यावं? चपला अक्षतांबरोबर कशा बांधणार? झबलं तर दोन महिन्यांत आखूड होणार. माझी आई सांगायची, प्रस्थानाला जिवाभावाची वस्तू असावी. इकडे तिकडे बघितलं, तर पलंगावर दुपटं! माझ्या जुन्या माहेश्वरी साडीचं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. त्याहून जिवाभावाचं त्या पोरीचं काय असणार? बांधलं.

जिवाभावाचं का होतं, हा विचार मात्र माझ्या डोक्यात आला नाही.

वन्संकडे जाताना डबाभर अनारसेही नेले. ते खरं तर मुलासाठी केले होते, पण सूनबाई म्हणाली, "आई, तिकडे खसखस चालत नाही, अफूच्या बोंडातली ना ती. पकडतात."

"अगं, अनारशाला लावलेली आहे ती."

"अनारशासकट पकडतात."

वन्संनी अनारसे ठेवून घेतले, बोचकं देव्हाऱ्याशेजारी ठेवलं आणि विचारलं, "वहिनी, यात पासपोर्ट तर नाही ना बांधलेत?"

"वन्सं, मी काय इतकी वेंधळी आहे?"

"नाही, विचारलं आपलं," असं म्हणून त्यांनी एक अनारसा तोंडात टाकला.

मी हसत घरी आले. दुपार झाली, नातीची झोपायची वेळ. ती पलंगावर चढली, उशी उचलली, चादर झटकली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दुपटं?"

त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की ही पोर जन्मल्यापासून त्या दुपट्याचं टोक नाकाशी धरल्याशिवाय एकदाही झोपलेली नाही.

मी त्याच साडीचा उरलेला तुकडा काढून दिला. तिनं हुंगला आणि परत केला. "हे नाही." मग जे रडणं सुरू झालं त्याला खंड नव्हता. सूनबाई शाळेतून आली तेव्हा मी पोरीला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारत होते.

"काय झालं?"

मी सांगितलं.

"आई! दुपटं? सगळ्या घरात तुम्हाला दुपटंच मिळालं? मी आत्ता जाऊन घेऊन येते."

"माघारी नाही गं आणता येत. अपशकुन होतो."

"आणि ही रविवारपर्यंत झोपली नाही, तर तो कोणता शकुन?"

मी पोरीला खाली उतरवलं. पोर हुंदके देत माझ्याकडे टक लावून बघत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलून गेले, "बेटा, दुपटं हरवलं नाही. ते पुढे गेलंय. बाबाकडे. आपण गेलो की तो देईल."

रडणं थांबलं. तिनं नाक पुसलं, सरळ आत गेली आणि चार्जिंगला लावलेल्या मोबाइलसमोर बसली. बाबाचं जेवण होईपर्यंत. फोन लागला तेव्हा तिनं खडसावून विचारलं, "बाबा, दुपटं आलं?"

तिकडे कुठलीतरी मीटिंग सुटत असावी. तो म्हणाला, "हो बेटा, हो हो. आलं."

सूनबाईनं कपाळाला हात लावला. मी पदर तोंडाशी धरला. नात मात्र शांत झाली. दुपारची झोप नाहीच, आणि रात्री थकून कशीबशी झोपायची. पण दुपट्यासाठी रडली नाही. रोज फोनवर चौकशी करायची, "आहे ना?" आणि तो कशाबद्दल ते न विचारता रोज हमी द्यायचा, "आहे, आहे."

रविवारी गाडी आली. इंदूरच्या विमानतळाचा रस्ता एकीकडे, वन्संचं घर दुसरीकडे. ड्रायव्हर कुरकुरला, "माताजी, सामान घर पे क्यूँ नहीं रखा?" त्याला दिशाशूल समजावत बसले असते तर विमान गेलं असतं. वन्सं दारातच बोचकं घेऊन उभ्या होत्या. ते माझ्या पिशवीत गेलं. नात तेवढ्यात सूनबाईच्या मांडीवर डोळे मिटायला लागली होती, पण झोप काही येत नव्हती. नुसती डोकं इकडून तिकडे करत होती.

माझं काळीज विरघळलं. शकुन गेला खड्ड्यात, म्हटलं, आणि गाठीला हात घातला. सूनबाईनं माझा हात धरला.

"राहू द्या, आई."

"अगं, झोपेल तरी."

"तिला सांगितलंय ना, बाबाकडे आहे म्हणून? मग आता इथे कुठून निघेल?" तिनं पोरीचे केस मागे सारले. "तीन दिवस बापाचं नाव घेऊन गप्प बसलीय ती. त्याला खोटा पाडू नका."

गुरुवारी माझ्यावर संतापलेली ती हीच बाई. मी मुकाट्यानं पिशवीची चेन ओढली.

विमानात पोर दोन्ही वेळा झोपली नाही, आणि तिच्यामुळे आजूबाजूच्या चार रांगाही नाही. मस्कतला बाहेर आलो तेव्हा आम्ही तिघीही पिंजारलेल्या होतो. काचेच्या दारापलीकडे तो उभा होता. वाळलेला, मिशी काढलेला, हातात नातीपेक्षा मोठं अस्वल. फ्लेक्सवरचा बाबा आणि हा, दोघांत काही म्हणता काही साम्य नव्हतं.

तो गुडघ्यांवर बसला आणि हात पसरले. "ये."

नात आईच्या पायामागे गेली.

त्यानं अस्वल पुढे केलं. ती आणखी मागे सरली. त्यानं माझ्याकडे बघितलं. आई, तू म्हणाली होतीस. तो बोलला काही नाही, पण मला स्पष्ट ऐकू आलं. माझी रक्ताची ओढ कुठे गेली होती कोण जाणे, बहुधा सामानाच्या पट्ट्यावर फिरत असावी.

मग आईच्या पायामागून आवाज आला. "हा बाबा आहे?"

"हो," सूनबाई म्हणाली.

"खरा?"

"खरा."

तिनं आईचा हात सोडला. ताडताड चालत गेली, त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझं दुपटं दे."

बिचारा! त्यानं तिच्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. इतक्या दिवसांत कशाकशाला हो म्हणून बसलो होतो, हे आठवत असावा. तोवर मी वळसा घालून त्याच्या मागे पोचले होते. बोचकं काढलं आणि मागूनच त्याच्या हातात कोंबलं. "सोड गाठ," कानात पुटपुटले. "मुक्काम आला."

त्यानं गाठ सोडली. सुपारी घरंगळत कुणाच्या तरी ट्रॉलीखाली गेली. अक्षता त्या आरशासारख्या फरशीवर सांडल्या. आणि मधून दुपटं निघालं, कडेला हळकुंडाचा पिवळा डाग घेऊन. नातीनं ते घेतलं, टोक शोधलं, नाकाशी नेलं. खूप वेळ हुंगलं.

मग वर बघून त्याला विचारलं, "तू जेवलास?"

तो नाही म्हणाला बहुतेक. मान तरी तशी हलली. ती गळ्यात वगैरे पडली नाही. नुसती वळली, त्याच्या गुडघ्यावर मागे टेकून बसली, जशी घरी पलंगावर उशीला टेकायची, आणि बसल्या बसल्या झोपली. तो तसाच, अवघडलेला, पायाला मुंग्या आल्या असतील तरी हलायला तयार नाही. लोक अस्वलाला वळसा घालून जात होते.

सूनबाई डोळे पुसत माझ्याकडे वळली. "आई, तुम्ही काय शोधताय खाली?"

मी दोन्ही हातांनी तांदूळ गोळा करत होते. अक्षता पायदळी जाऊ देऊ नयेत. शिवाय परतायचा दिवस शुक्रवार होता की सोमवार, ते मला आठवत नव्हतं. सोमवार असेल तर उज्जैन पूर्वेला, आणि सोमवारी पूर्वेला दिशाशूल.