संध्याकाळी उमलणारी जात

गॅलरीतल्या टबात मी मोठ्या हौसेने निळी वॉटरलिली लावली. मी ऑफिसला गेलो की ती उमलते आणि परतेपर्यंत मिटते. बहुधा माझं तोंड चुकवते. शेवटी नर्सरीवाला म्हणाला, "साहेब, पांढरी न्या. ही जात संध्याकाळी उघडते." आणली. एक फूल तरी माझ्या वेळेत बसलं.

आईचं काय करायचं? तिची स्मृतीही मी ऑफिसला गेल्यावरच उमलते. "अहो, आज आईंनी नाव घेऊन तुमची चौकशी केली," संध्याकाळी बायको सांगते. मी चहा घेऊन आईजवळ जातो. ती पदर सावरते.

"बसा हं. माझा मुलगा येईलच इतक्यात."

मी बसतो. पांढरी लिली उमलू लागते आणि आम्ही दोघं तिच्या मुलाची वाट बघतो.