उरणवाल्यांना बेसच हवा?

गाडीची डिकी उघडली की तापलेल्या वायरींचा वास येतो आणि गाडीत साउंड सिस्टिम बसवून देणारा सुकापूरचा तो दुकानदार आठवून माझं टाळकं आजही सरकतं. आम्ही उरणच्या मोऱ्याचे कोळी, आणि माझी आत्या म्हणजे लग्नात धवळे गाणारी धवलारीण. तिचे धवळे मी मोबाइलवर रेकॉर्ड केले होते, ते गाडीत स्वच्छ ऐकू यावेत एवढीच माझी मागणी. त्याला चार चॅनेलचा एक साधा अँप्लिफायर पुरला असता. पण उरणचं नाव ऐकताच त्या गृहस्थाने ठरवूनच टाकलं की मला हळद गाजवायची आहे! "दादा, तुमच्याकडे बेस नसेल तर नवरा मांडवात पाय ठेवत नाही," असं म्हणत त्याने नुसत्या सबवूफरसाठी पाट्याएवढा दुसरा अँप्लिफायर जोडला. "अहो, मला बाईचा आवाज ऐकायचाय, भूकंप नकोय!" मी ओरडलो, तोवर त्याने बटण दाबलंसुद्धा. समोरच्या इमारतीचं प्लास्टर गळालं, पार जासईत कंटेनर हलले, आणि रेकॉर्डिंगमधला आत्याचा आवाज त्या धडधडीत बुडून गेला. मी बाह्या सरसावून भांडायला निघालो, तर माझ्याबरोबर आलेली आत्या मागच्या सीटवर डोलतेय! म्हणाली, "हाच घे रे. माजा आवाज आयकाला तुला मशीन कशाला? मी हाय ना जिती!" जिच्यासाठी लढायचं तीच फितूर! आता ती गाडीत बसली की आधी मला सगळं बंद करायला लावते, पनवेल येईस्तोवर स्वतः गाते, आणि डिकीतले माझे दोन महागडे अँप्लिफायर मुकाट्याने ऐकत बसतात.