निताच्या नावाची ताटली

शिवहार गुरुजींना स्वस्थ बसवत नाही, हा त्यांचा जुना आजार. सेनगाव तालुक्यातल्या तांड्यावरच्या आमच्या शाळेत आम्ही दोनच शिक्षक. त्यामुळे त्यांना काही सुचलं की निम्मा ताप माझ्या डोक्याला.

दिवाळीच्या सुट्टीत ते गुजरातेत मेहुण्याकडे गेले. मेहुणा कपबशा आणि ताटल्यांच्या कारखान्यात कामाला आहे. लोक परगावाहून मिठाई आणतात, गुरुजी विज्ञानाचा धडा घेऊन आले. "मॅडम, ताटली भाजली की लहान होते! आणि एकदा भाजली की पुन्हा तिची माती होत नाही. हे फळ्यावर किती दिवस खरडायचं?" ताटलीत ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि ताटली फुटते, असं तिथल्या कारागिरानं त्यांना बजावलं होतं. ते वाक्य त्यांनी पाचवीच्या पोरांकडून घोकून घेतलं.

झालं. तळ्याची माती आली, चाळली, मळली. पोरांनी ताटल्या थापल्या, पट्टीनं मापं घेतली, खिळ्यानं आपापलं नाव कोरलं आणि ताटल्या व्हरांड्यात वाळत ठेवल्या. पोरांचे काठ सारखे करता करता गुरुजींची स्वतःची ताटली मात्र सगळ्यात शेवटी झाली. त्या शनिवारी शाळा सुटल्यावर पटांगणाच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात ताटल्या रचल्या, वर गोवऱ्या घातल्या आणि पेटवून दिल्या.

धूर पाहून रूपाबाई आली. पाचवीतल्या निताची आई. निता पावसाळ्यात तापानं फणफणली होती आणि हिंगोलीच्या दवाखान्यातून अक्षरशः मरणाच्या दारातून परत आली होती.

"गुरुजी, माह्या लेकराचं नाव आगीत घातलं व्हय तुमी?" रूपाबाई खड्ड्याकडे बोट दाखवत म्हणाली. "काहून? ताटली फुटली म्हंजी?"

"नावानं काही होत नसतं, रूपाबाई."

"मंग विझवा!"

विझवता येत नव्हतं. तापलेल्या ताटल्यांवर पाणी पडलं असतं तर त्या जागीच तडकल्या असत्या. हेही गुरुजींनीच समजावून सांगितलं आणि सांगून फसले. रूपाबाई खड्ड्याशी बसली ती दिवेलागणीपर्यंत हलली नाही. मला तिचा राग आला नाही, गुरुजींचा आला. नावं कशाला कोरायची? आकडे घातले असते तर काय बिघडलं असतं?

रविवारी सकाळी राख निवली. आम्ही पोचलो तेव्हा रूपाबाई आधीच येऊन बसली होती. राख सारताना विज्ञानाचे मास्तर ओठातल्या ओठात पुटपुटत होते. औंढ्याच्या नागनाथाचं नाव मी स्पष्ट ऐकलं. एकेक ताटली निघत गेली. निताची निघाली. गुरुजींनी टिचकी मारली. ताटली खणखणीत वाजली.

मला रडूच आलं. रूपाबाईनं ताटली पदरानं पुसली, कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि ती छातीशी धरली. गुरुजी तिथंच राखेत फतकल मारून बसले. "सुटलो बुवा," म्हणाले.

सगळ्यात शेवटी कडेची, गुरुजींची ताटली निघाली. तिचे तीन तुकडे झाले होते. नावाच्या मधोमध तडा.

"ओली राहिली होती," गुरुजी हसायला लागले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणतात. इथं पाषाण कोरडा नव्हता, एवढाच फरक. "बघा रूपाबाई, माझं नाव फुटलं. झालं का मला काही?"

रूपाबाई हसली नाही. तिनं ते तुकडे उचलले, गुरुजींवरून तीनदा ओवाळले आणि दूर काटेरी झुडपात फेकून दिले. विज्ञानाच्या मास्तरांनी मान खाली घालून ओवाळून घेतलं.

सोमवारी गुरुजींना आणणारी प्रवासी जीप यायला उशीर झाला. रूपाबाई शाळेच्या फाटकाशी उभी होती. कमरेला कापूस वेचायची ओटी बांधलेली. बाकीच्या बाया कधीच शेतात गेल्या होत्या.

"निताचं काही काम होतं का?" मी विचारलं.

"न्हाई. ते पोरगं बेस हाय."

जीप आली. मागच्या बाजूनं गुरुजी उतरले, डबा सावरत, नेहमीसारखे घाईत. रूपाबाईनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मोठा श्वास सोडला.

"आले बाप्पा," ती मला म्हणाली. "जाते आता कापसाला."