तो वापस काऊन गेला?

सिनेमावर लिहायचं तर आधी पुष्कळ सिनेमे पाहिलेले असावेत. मी मोजकेच पाहिलेत, तेही मोबाइलवर, हिंदीत डब केलेले. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि माझं मत कुणी विचारलेलंही नाही. तरी लिहितोय; चुकलं तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं. हा सिनेमा डोक्यातून जात नाही, आणि त्याचं कारण सिनेमाबाहेरचं आहे.

लोणारच्या खोलीवर मी आणि माझ्या रूममेटने तो एका संध्याकाळी पाहिला. एका उजाड ग्रहावर खाणकामगार अडकलेत. जवळून जाणारं यान एकच, आणि ते चालवतोय तुरुंगातून पळालेला माणूस. मदतीची हाक त्याच्या रेडिओवर येते, तो रेडिओ बंद करतो. ग्रहावरचा मोठा खड्डा दिसला तसा रूममेट म्हणाला, "हे तं आपलं सरोवर हाय बे! पानी उपसून शूटिंग केली."

शेवटी तो माणूस यान वळवतो. का, तर त्याला मेलेली मुलगी आठवते. मागे बासरी वाजते.

"पोरगी नसती तं वापस काऊन गेला असता तो?" रूममेट म्हणाला.

मला हे पटेना. तो रेडिओ बंद करायचा, पण थोड्या वेळाने स्वतःच पुन्हा लावायचा. मला तेवढं पुरेसं वाटलं होतं. उलट मुलगी आणून दिग्दर्शकाने त्याला लहान केलं. मी हे अडखळत सांगितलं.

"लय भोळा हायस तू," एवढंच उत्तर मिळालं.

सकाळी आईचा फोन आला. बाबांची गाडी घसरली होती, मनगट मोडलं होतं. ती त्यांना दवाखान्यात नेत होती. शेडनेटमध्ये आमचा टोमॅटोचा बियाण्याचा प्लॉट आहे. आदल्या दिवशी चिमट्याने कळ्या उघडून नर भाग काढायचा, दुसऱ्या सकाळी त्याच फुलांना हाताने पराग लावायचा. याला आम्ही क्रॉसिंग म्हणतो. सकाळ हुकली की फूल वाया. ऐन बहर होता आणि गावात प्रत्येक जण त्या वेळी आपापल्या शेडनेटमध्ये.

"मी येतो," मी म्हणालो.

मागून बाबांचा आवाज आला, "प्रॅक्टिकल सोडून आला तं घरात घेनार नाही!"

आई हळूच म्हणाली, "तुह्या काकाले सांगून पाह्यलं. काई बोलले नाईत."

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. पूर्वी दोघं एकाच शेडनेटमध्ये काम करायचे. संध्याकाळी परागाची डबी जो घरी नेईल, दुसऱ्या सकाळचं क्रॉसिंग त्याचं, असा दोघांचा न बोलता ठरलेला नेम होता. मग बांधावरून वाजलं, आणि काकाने आमच्या शेतात पाय ठेवणं सोडलं. यंदा त्याने नुसता हरभरा पेरला होता. सकाळी मोकळा असा तोच एक.

प्रॅक्टिकलला फोन बंद करून बॅगेत ठेवावा लागला. टायट्रेशन होतं. फ्लास्कमधला गुलाबी रंग एका थेंबाने जास्त झाला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. सर म्हणाले, "घाई कशाची आहे?" मी फ्लास्क धुवायला घेतला.

बाहेर रूममेट उभा होता. "लागला का फोन?" लागत नव्हता. स्टँडकडे निघालो, अर्ध्या वाटेतून परत फिरलो. उन्हं चढली होती. फुलांचं जे व्हायचं ते एव्हाना झालेलं असणार. रूममेट माझ्यामागे चालत राहिला.

तेवढ्यात फोन वाजला.

"प्लास्टर केलं बाबाले," आई म्हणाली. "अन् आयक, काका आल्ते. सगळी फुलं केली. शेजारनीनं इचारलं तं म्हने, 'मी कोनासाठी नाई आलो, फुलं उघडी पडली होती.' तिनं पानी देल्लं, तेबी नाई घेतलं."

"मंग?"

"मंग काई नाई. परागाची डबी घेऊन घरी गेले."