आणखी एकदा चालवू

सदर या हिंदी बोलणाऱ्या वस्तीतला सुमेध लांजेवार घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर लिहितो. भाजीवाला, ऑटोवाला, शेजारी, सगळ्यांशी हिंदी, कंपनीशी इंग्रजी. मराठी होती ती आईपुरती, आणि आई दिवाळीनंतर गेली. आजूबाजूला माणसं ढीगभर, पण घरच्या भाषेत दोन शब्द बोलावेत असं कोणी नाही. एकटेपणानं पार खाल्लं होतं त्याला.

परवा त्याची एक टेस्ट फेल झाली. टेस्ट म्हणजे प्रोग्राम नीट चालतो की नाही हे तपासणारा छोटा प्रोग्राम. ही बया एकटी चालवली की पास, इतर टेस्टसोबत चालवली की फेल. मदतीला साहेबानं टीममधल्या नव्या पोरीला, पुण्याच्या प्रणोतीला, कॉलवर बसवलं. तिनं आडनाव पाहून सरळ मराठीतच सुरुवात केली, आणि सुमेध खुर्चीत सरसावून बसला.

त्यानं स्क्रीन दाखवली, डीबगर लावला. डीबगर प्रोग्रामला हव्या त्या ओळीवर थांबवतो आणि आत काय चाललंय ते दाखवतो. पहिल्याच थांब्यावर सगळं कळलं. ग्राहकांची यादी सुरुवातीला रिकामी हवी, तर तिच्यात एक नाव आधीच बसलेलं. आधीची टेस्ट आपला पसारा न आवरता गेली होती. एका ओळीचं काम हो! पण ते सांगितलं की लगेच कॉल संपणार. पठ्ठ्यानं चक्क वेड पांघरलं.

"थांब, पाहून राहिलो. आणखी एकदा चालवू," तो म्हणाला.

एकदाचं तीनदा झालं. मधल्या वेळात आईच्या हातचा बेसनाच्या गोळ्यांचा गोळाभात, सदर बाजारातली गर्दी, खडखडणारा कुलर, काय काय सांगितलं त्यानं! प्रणोती हसत होती, पुढचं विचारत होती. आई गेल्यापासून इतकं तो बोललाच नव्हता. पुन्हा चालवायला गेला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "दादा, ती यादी रिकामी नव्हती. मला पहिल्याच थांब्यावर दिसलं होतं."

सुमेध मेल्याहून मेल्यासारखा झाला. "मग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही बोलत होतात ना."

त्यानं यादी रिकामी करणारी ओळ घातली. सगळ्या टेस्ट पास झाल्या. चूक सुधारल्याचं इतकं वाईट त्याला कधी वाटलं नव्हतं.

"ठेवू?" तिनं विचारलं.

हो म्हणवेना, आणि नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. शेवटी कॉल तिनंच ठेवला.