शाबास, आचल

अकोल्याच्या जुन्या शहरात फुलांचं दुकान असलेल्या सहदेवची मुलगी आचल बोलताना अडखळायची. 'क' अन् 'प' तर घशातच रुतून बसत. पण अभ्यासात तल्लख. तलाठी भरतीच्या तयारीसाठी ती अमरावतीला आली आणि राजापेठेत गजेंद्र सरांच्या क्लासला बसली.

सरांनी क्लासच्या ग्रुपवर आपोआप उत्तर देणारा बॉट बसवला होता. 'शाबास' लिहून पुढं नाव टाकलं की सोनेरी चौकटीतलं प्रशस्तिपत्र झळके, खाली सरांची सही. पुढं काय लिहिलंय, कोणी लिहिलंय, हे बॉट बघत नसे. येईल ते छापायचा.

वर्गातल्या योगेशनं एका दुपारी लिहिलं, 'शाबास प-प-प-आचल'. तसंच छापून आलं. मग तो रोजचाच खेळ झाला. 'तोतरी आचल', 'अडेलतट्टू आचल', सगळी सरांच्या सहीनिशी.

ती सरांकडे गेली. वर्ग भरलेला होता.

"सर, बॉटमधे क-क-क..."

"काय क-क-क? बोल ना लवकर!" वर्ग हसला, तसे सरही हसले. "पोरं गंमत करून राहिले. मनाले काहून लावून घेतं?"

दांडी मारणाऱ्यांना सर ग्रुपमधून 'काढा' असं लिहून हाकलत. खोलीवर येऊन आचलनं तेच करून पाहिलं. 'काढा योगेश'. योगेश गेला! मग तिनं हसणारे एकेक करून काढले. शेवटी सरांचं नाव टाकलं. बॉटनं उत्तर दिलं, 'सरांना काढता येत नाही.' तेवढी काळजी सरांनी आधीच घेतली होती.

संध्याकाळपर्यंत 'काढा' फक्त सरांच्या फोनवरून चालू लागलं. पहिली गेली आचल. सकाळी वर्गातूनही उठवलं. "माह्या क्लासमधे असली दादागिरी चालनार नाही."

'शाबास'ला त्यांनी हात लावला नाही.

ती अकोल्याच्या बसमधे असताना सोबत राहणाऱ्या खुशीनं नवं प्रशस्तिपत्र पाठवलं, 'पळपुटी आचल'. खाली लिहिलं होतं, "पाह्य, काय भारी बनवलं!"

आता ती बापाच्या दुकानात हार ओवते. गिऱ्हाईकानं भाव विचारला की बोटं दाखवते. "पोरगी मुकी हाय का?" असं कोणी म्हटलं, तर सहदेव मान हलवून हो म्हणतो आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळतो.