धुऱ्यावरचा ठिपक्यांचा पतंग

रात्री दिव्यावर येणारा पतंग दिवसाही उडतो, हे मला पन्नाशीजवळ आल्यावर मुर्री गावातल्या आमच्या शेतात कळले. पांढरे पंख, त्यांवर लाल आणि काळे ठिपके. भाताच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे खाचराच्या बांधावर, आम्ही तूर लावतो. त्या ओळीतून तो जमिनीलगत उडायचा आणि तुरीच्या पानावर बसायचा.

मोठ्या भावाला तेवढे पुरे झाले.

"तुरीवर अळी पडून राहिली. उद्या फवारा मारतो."

वर्षाची डाळ त्या धुऱ्यावर होती. पण औषध खाली बांधीच्या पाण्यात उतरते, आणि त्या पाण्यात मासे होते.

"तुमच्या भावाले सांगा, मासे मरतील," बायको मला म्हणाली. भाऊ चार हात अंतरावर उभा होता. पण जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, थेट बोलायचे नाही, ही आमच्याकडची रीत.

"तिले विचार, तूर गेली तं भातावर काय वाढशील?"

"मासे वाढीन म्हणावं."

मी दोन दिवस मागून घेतले. आधी मोबाइलवरच्या चित्रांशी ठिपके जुळवले. तीन पतंग पाहिले, तिन्हींच्या ठिपक्यांची संख्या वेगळी आली. तो मार्ग सोडला आणि अळ्या कुठे आहेत ते पाहिले. तुरीवर एकही नव्हती. धुऱ्याच्या टोकाला भावाने दोरांसाठी सनाची, म्हणजे तागाची, दहा-बारा झाडे लावली होती. अळ्या त्यांच्यावर होत्या, काही शेंगांच्या आत. तीन अळ्या बरणीत घातल्या, सोबत तुरीची पाने आणि सनाची. दुसऱ्या दिवशी सनाच्या पानांच्या शिरा उरल्या होत्या. तूर जशीच्या तशी. पतंग तुरीवर फक्त टेकत होता.

भावाने बरणी उन्हात धरून पाहिली.

"म्हणजे माहा सन खाऊन राहिल्या. मंग फवारा तं मारावाच लागते."

"तुमच्या भावाले सांगा, दहा झाडांवरच्या अळ्या हातानं वेचता येतात."

"तिले सांग, बादली धर म्हणावं."

तिने साबणाचे पाणी केले आणि त्याच्याकडे पाठ करून बादली धरली. तो शेंगा चाचपत, अळ्या बादलीत टाकत पुढे सरकू लागला. मी धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला तूर तपासत होतो.

"तुमच्या भावाले सांगा, मागच्या झाडाच्या शेंगेले भोक आहे," तिचा आवाज आला.

मी काही सांगण्याआधीच भाऊ मागे वळला आणि त्याने ती शेंग फोडली.